दोन शब्दांच्या मधे

हैदराबादेत सकाळच्या वेळी वर्तमानपत्रांच्या एखाद्या दुकानापुढे क्षणभर उभे राहिले, तर वाक्य संपविण्याचे तीन प्रकार एकाच फळीवर मांडलेले दिसतात. हिंदी पत्रात वाक्याच्या शेवटी बहुधा उभा दंड असतो. उर्दू पत्रात तळाशी एक बारीक आडवी रेघ असते, आणि तेथला स्वल्पविराम व प्रश्नचिन्ह आपल्या दृष्टीने उलट तोंड करून बसलेले असतात. तेलुगू आणि इंग्रजी पत्रांनी टिंब पत्करले आहे. मराठीनेही टिंबच पत्करले. आपली लिपी हिंदीची, पण पूर्णविराम इंग्रजीचा, असे का झाले हा प्रश्न मला पुष्कळ दिवस पडत असे. परंतु त्याच्या मुळाशी जाण्याची निकड एका संगणकाने निर्माण केली, हे आरंभीच कबूल करतो.

माझा एक जुना विद्यार्थी याच शहरात संगणकाच्या कामावर आहे. मराठेशाहीतील काही छापील पत्रांची शब्दसूची करावी, कोणता शब्द किती वेळा आला ते पाहावे, अशी कल्पना आम्हां दोघांच्या मनात आली. पत्रे मी टंकून दिली. शब्द वेगळे काढण्याचे काम त्याने ‘पर्ल’ नावाच्या भाषेत लिहिलेल्या चार ओळींवर सोपविले. सूची हाती आली तेव्हा तीत ‘श’, ‘ळ’, ‘त’, ‘व’, ‘द’, ‘य’ अशा सुट्या अक्षरांचा ढीग होता, आणि त्या ढिगात ‘घर’, ‘मन’, ‘शहर’ असे मोजके शब्द तेवढे धडधाकट उभे होते. असे का घडले ते पुढे सांगेन. आधी पत्रांविषयी.

अठराव्या शतकाच्या अखेरीस निजाम अलीखानाच्या दरबारी पेशव्यांचे वकील म्हणून गोविंदराव काळे होते. १७९३ मध्ये त्यांनी नाना फडणविसांना लिहिलेले पत्र इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. महादजी शिंद्यांनी उत्तरेत केलेल्या पराक्रमाचे आणि अटकेपासून समुद्रापर्यंत पसरलेल्या देशाचे वर्णन त्यात आहे. पुढे दोनच वर्षांनी, १७९५ मध्ये, खर्ड्याची लढाई झाली. अशी पत्रे मोडी लिपीत लिहिली जात. लेखक प्रथम कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेखा ओढून घेई, आणि मग बोरू शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे टांगीत जाई. शब्द कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे दाखविण्यास जागाच नसे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. ‘हातोडाद्या’ असे लिहिले, तर हातोडा द्यावयाचा की हा तोडा द्यावयाचा, हे लोहार आणि सोनार यांनी आपापल्या परीने ठरवावे! ‘धरावे’चे ‘मारावे’ झाल्याची नारायणराव पेशव्यांच्या खुनाची आख्यायिका शाळेतील मुलांना पाठ असते. तेथे निदान एक अक्षर बदलले असे म्हणतात; मी बोलतो आहे ते मुळात न लिहिलेल्या खुणांविषयी.

मग हे कारभारी एकमेकांची पत्रे वाचीत कशी? राज्ये चालली, तह झाले, लाखोंच्या हुंड्या पटल्या. तेव्हा वाचता येत होती हे उघड आहे. मोडी पत्र मोठ्याने वाचून पाहिले म्हणजे रहस्य उलगडते. विरामाचे काम तेथे शब्दच करतात. ‘विज्ञापना ऐसीजे’ असे आले, की मजकूर आता सुरू झाला असे समजावे. आज आपण तेथे अपूर्णविराम देऊ. ‘ऐसियास’ आले की मागील मुद्दा संपून नवा निघाला. कोणाचे बोलणे सांगावयाचे असेल तर आरंभी ‘की’ आणि शेवटी ‘म्हणोन’. या दोन शब्दांत अवतरणचिन्हांची जोडी सामावलेली आहे. ‘बहुत काय लिहिणे’, ‘हे विज्ञापना’ येथे पत्र थांबले. सरकारी पत्राच्या शेवटी तर लहान शिक्काच उमटे. शिवछत्रपतींच्या अशा शिक्क्यावर ‘मर्यादेयं विराजते’ ही अक्षरे होती, म्हणजे मजकुराची मर्यादा ही येथे आहे. यापेक्षा भारदस्त पूर्णविराम जगात दुसरा कोणता असेल, असे मला वाटत नाही. लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या कानात एकच ठेका होता, म्हणून कागदावर खूण करण्याचे कारण पडले नाही.

ही केवळ मोडीचीच गोष्ट नव्हे. जुन्या ग्रीक हस्तलिखितांतही शब्द सलग लिहीत. शुभवर्तमानांच्या सर्वांत जुन्या प्रती अशाच आहेत, आणि त्यामुळे एक वाद आजतागायत चालू आहे. प्रभूने क्रुसावरील पश्चात्तापी चोराला सुखलोकाचे अभिवचन दिले ते लूकने नोंदविले आहे. त्या वाक्यातील ‘आज’ हा शब्द सांगण्याच्या क्रियेशी जोडावा की सुखलोकात असण्याच्या क्रियेशी? स्वल्पविराम ‘आज’च्या आधी घातला तर चोर त्याच दिवशी सुखलोकात जातो, नंतर घातला तर ‘आज’ हा शब्द केवळ सांगण्याचा दिवस दाखवितो, आणि चोर केव्हा पोहोचणार हा प्रश्न मोकळाच राहतो. आम्ही कॅथलिक पहिल्या रीतीने वाचतो, बहुतेक ख्रिस्ती तसेच वाचतात. काही पंथ दुसरी रीत धरतात. लूकने मात्र तेथे काहीच चिन्ह घातले नव्हते. एका टिकलीएवढ्या खुणेवर मरणोत्तर स्थितीचा सिद्धान्त तोलून धरलेला आहे, आणि ती खूण मागाहून आलेल्यांची आहे!

युरोपात शब्दांमध्ये फट सोडण्याची रीत रूढ करण्याचे श्रेय सातव्या-आठव्या शतकांतील आयरिश मठवासीयांना देतात. लॅटिन ही त्यांची मातृभाषा नव्हती. रोमच्या माणसाला सलग ओळ कानाने तोडता येई. आयरिश माणसाला ती डोळ्यांनी तोडावी लागली. परक्या वाचकाला खूण लागते, आणि एकदा ती पडली की घरच्यांनाही तिची सवय होते. मराठीच्या बाबतीत तेच झाले.

इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ, आणि तो छापला परक्या लिपीत. रोमी खिळ्यांची जुळणी म्हणजे शब्दाशब्दांत कोरा खिळा असावयाचाच. त्या आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही. पण मराठी काव्य शब्द तोडून कागदावर छापण्याच्या आरंभीच्या प्रयत्नांत हा ग्रंथ मोडतो, असे म्हणण्यास हरकत नसावी. त्याच काळातील देशी पोथ्यांत ओवीच्या शेवटी दंड आहेत, परंतु ओवीच्या पोटात शब्द सलग आहेत. ‘ज्ञानेश्वरी’च्या पाठभेदांत अक्षर तेच, मात्र पदे निराळ्या ठिकाणी तोडल्याने अर्थ निराळा, अशीही स्थळे आढळतात.

विरामचिन्हे मराठीत रीतसर आणण्याचे काम मात्र मेजर थॉमस कँडी यांचे. हे गृहस्थ १८०४ मध्ये जन्मले, १८२२ मध्ये लष्करी नोकरीवर हिंदुस्थानात आले आणि १८७७ मध्ये येथेच वारले. मोल्सवर्थ यांच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामात ते होते. १८४७ मध्ये इंग्रजी-मराठी कोश त्यांनी सिद्ध केला. पुण्याची पाठशाळा आणि सरकारी भाषांतराचे खाते यांवर त्यांची दीर्घकाळ देखरेख होती. १८५० मध्ये त्यांची ‘विरामचिन्हांची परिभाषा’ ही पुस्तिका निघाली. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण तिच्याआधी चौदा वर्षे, १८३६ मध्ये, प्रसिद्ध झालेले होते. पण शब्दांचे नियम सांगणे निराळे आणि शब्दांमधल्या मोकळ्या जागेचे नियम सांगणे निराळे. शाळांची क्रमिक पुस्तके कँडींच्या नजरेखालून जात, त्यामुळे ही चिन्हे आपल्या पणजोबांच्या हाती वयाच्या सातव्या वर्षीच पडली. कँडींच्या मराठीला इंग्रजी वळण आहे असा आक्षेप पुढे पुष्कळांनी घेतला, आणि तो खोटा नाही. परंतु आक्षेप घेणाऱ्यांनीही तो स्वल्पविराम आणि पूर्णविराम देऊनच लिहिला, ही मौज लक्षात घेण्यासारखी आहे.

श्रोतेहो, येथवरचा वाचक माणूस होता. विसाव्या शतकात एक असा वाचक आला की ज्याला कानच नाहीत. १९५१ मध्ये अमेरिकन गणिती स्टीफन क्लीनी हे मज्जातंतूंच्या जाळ्यांच्या गणिती प्रतिकृतीचा विचार करीत होते. खुणांच्या कोणत्या मालिका असे जाळे ओळखू शकेल, हे थोडक्यात लिहिण्याची एक पद्धत त्यांनी बसविली. तो निबंध १९५६ मध्ये छापून आला. ‘एकामागून एक’, ‘हे किंवा ते’, आणि ‘कितीही वेळा’, एवढ्या तीन क्रियांवर सारी इमारत उभी आहे. ‘कितीही वेळा’साठी त्यांनी वापरलेली तारका आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. १९६८ मध्ये केन टॉम्प्सन यांनी हीच पद्धत मजकुरात शोध घेण्यास वापरून दाखविली. शब्दांचा आकार सांगणाऱ्या या सूत्रांना इंग्रजीत ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ म्हणतात. आपण आकृतिसूत्र म्हणू.

आकृतिसूत्रांचा सर्वांत मोकळा वापर ज्या भाषेने रूढ केला ती पर्ल १९८७ मध्ये लॅरी वॉल यांनी प्रसिद्ध केली. वॉल हे भाषाशास्त्राचे विद्यार्थी. ज्या भाषेला लिपी नाही अशी एखादी भाषा, बहुधा आफ्रिकेतील, शोधून तिला लिपी द्यावी आणि तीत बायबलादी ग्रंथ उतरवावेत, असा त्यांचा व त्यांच्या पत्नीचा बेत होता. प्रकृतीच्या कारणाने तो सोडावा लागला. स्टीफन्स आणि कँडी यांच्या वाटेने निघालेला हा माणूस यंत्राकडे वळला. भाषेचे नाव त्यांनी मत्तयच्या शुभवर्तमानातील अमूल्य मोत्याच्या दाखल्यावरून घेतले. त्याच नावाची दुसरी एक संगणकभाषा आधीपासून होती, म्हणून स्पेलिंगातील एक अक्षर गाळले. मला हा प्रकार कळला तेव्हा विद्यार्थ्याच्या चार ओळींकडे मी थोड्या अधिक ममतेने पाहू लागलो, हे खरे आहे.

आता त्या ओळींत काय होते ते सांगतो. दोन शब्दांमधील चिन्हे ओळखावयाची तर साधी रीत अशी, की ती चौकटी कंसात एकत्र मांडावी आणि पुढे अधिकचिन्ह द्यावे: [,;.?!।]+ याचा अर्थ, कंसातील चिन्हांपैकी कोणतेही, एक किंवा अधिक वेळा. येथे एक गंमत आहे. कंसाबाहेर टिंब लिहिले तर यंत्र त्याचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा घेते. कँडींनी ज्या खुणेला पूर्णविराम म्हटले तिला क्लीनींच्या वंशजांनी वाटेल ते करण्याची मुभा दिली! तिच्यामागे उलटी तिरपी रेघ ओढली, किंवा तिला कंसात बसविले, म्हणजे ती पुन्हा साधे टिंब होते. प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘असो वा नसो’, आणि उभ्या रेघेचा अर्थ ‘किंवा’. आमच्याकडील कित्येक टंकलेखक दंडाऐवजी हीच उभी रेघ ठोकतात. ती सूत्रात शिरली तर यंत्राला ‘राम किंवा’ असे ऐकू येते आणि ते पुढच्या पर्यायाची वाट पाहू लागते.

माझ्या विद्यार्थ्याने मात्र चिन्हे मोजीत बसण्याऐवजी आडमार्ग धरला होता. जे अक्षर नाही ते सारे विभाजक समजावे, असा त्याचा नियम. इंग्रजीत तो बहुतेक ठिकाणी निभावतो. देवनागरीत युनिकोड या १९९१ पासूनच्या जागतिक संकेताप्रमाणे ‘श’ हे अक्षर आहे, परंतु काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्ताची रेघ यांची गणना अक्षरांत होत नाही. ती ‘जोडखूण’ या वेगळ्या वर्गात बसतात. झाले! ‘शाळेत’ या शब्दातील काना आणि मात्रा यांना यंत्राने विरामचिन्हाप्रमाणे बाजूस सारले आणि श, ळ, त यांना तीन शब्द मानले. ज्या शब्दांत एकही काना-मात्रा नाही ते ‘घर’ आणि ‘मन’ तेवढे वाचले. आम्ही ज्याला बाराखडी म्हणून पहिलीत घोकून घेतो, तिची पहिली पायरी वगळता बाकीची सारी यंत्राने गाळून टाकली होती. पर्लमध्ये शब्दघटकांचा म्हणून एक तयार वर्ग आहे आणि त्यात या जोडखुणा धरलेल्या आहेत. तो वापरला, आणि मजकूर युनिकोडचा आहे हे आरंभी सांगितले, की शब्द पुन्हा सांधले जातात. न सांगितले तर देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचे तीन तुकडे यंत्राला दिसतात आणि पहिल्याहून मोठा गोंधळ होतो.

पण खरी कसोटी यापुढे आहे. ‘दुःख’ या शब्दात विसर्ग आहे. टंकणाऱ्याने त्याऐवजी दोन टिंबांचा अपूर्णविराम वापरला, तर डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्र मात्र ‘दु’ आणि ‘ख’ असे दोन शब्द करून देते. मी स्वतः टंकलेल्या मजकुरात ही चूक अकरा ठिकाणी निघाली, तेव्हा दोष कोणाला द्यावयाचा? ‘रे. ना. वा. टिळक’ यांत तीन टिंबे आहेत आणि तिन्हींपैकी एकही पूर्णविराम नाही. ‘३.५’ मधील टिंबही नव्हे. यासाठी पर्लमध्ये मागे पाहण्याची आणि पुढे पाहण्याची सोय आहे: टिंबाच्या मागे आणि पुढे अंक असेल तर तोडू नये, मागे एकटेच अक्षर असेल तर थांबू नये. सिंह चालता चालता मागे वळून पाहतो त्याला आपण सिंहावलोकन म्हणतो. यंत्राला ते शिकवावे लागते. आणि ‘दऱ्या’ हा शब्द घ्या. तो टंकण्याची एक रीत अशी की र आणि य यांच्या मधे एक अदृश्य सांधा घालावयाचा. त्याला रुंदी नाही, आवाज नाही. अनावश्यक खुणा पुसण्याच्या भरात सूत्राने तो सांधा पुसला, की सह्याद्रीच्या दऱ्यांचा एकदम दर्या होतो!

हे प्रश्न पोरखेळ नव्हेत. हैदराबाद विद्यापीठात पूर्वी ‘अनुसारक’ या यांत्रिक भाषांतराच्या प्रकल्पावर काम झाले. मराठीतून हिंदीत मजकूर नेणे हा त्याचा एक भाग होता. तेथील व्याकरणाची सारी बुद्धिमत्ता शब्द वेगळा झाल्यानंतर कामाला लागावयाची. पहिलाच घाव चुकला, तर पुढच्या विद्वत्तेने काय करावे? आज मराठीचे जुने दस्तऐवज यंत्राच्या स्वाधीन होत आहेत. २०१४ मध्ये मोडी लिपीलाही युनिकोडमध्ये स्थान मिळाले. तीत मोडीचे म्हणून स्वतंत्र दंड आणि संक्षेपचिन्हही आहे. ज्या लिपीला आपल्या भर अमदानीत विरामांची गरज भासली नाही, तिला ते परक्या वाचकासाठी मिळाले.

अखेर एका गोष्टीने आम्हां दोघांनाही थांबविले. सूत्रे दुरुस्त झाली, सूची नीट निघू लागली, तेव्हा विद्यार्थी म्हणाला, “सर, आता वाक्येही मोजू या. त्या काळचे कारभारी लांब वाक्ये लिहीत की आखूड, ते कळेल.” यंत्राने पूर्णविराम मोजले आणि सरासरी काढून दिली. मी ती वहीत उतरून घेतली, आणि रात्री पुस्तक पुन्हा उघडले तेव्हा माझ्या ध्यानात आले, की हे पूर्णविराम कारभाऱ्यांचे नव्हेतच. मूळ मोडीत ते नाहीत. वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून, राजवाड्यांनी १८९८ पासून आणि सरदेसाईंनी १९३० नंतर ज्या पत्रांच्या राशी छापल्या, त्यांच्या मुद्रणप्रती करताना शब्द कोठे तोडावा हे कोणाला तरी ठरवावे लागले, आणि छापील पानावर विरामचिन्ह दिसते तेथे वाक्य कोठे संपले हेही कोणीतरी ठरविलेले असते. त्यांचा कान मोठा होता, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. परंतु आम्ही मोजली ती अठराव्या शतकाची वाक्ये नव्हती. संपादकाने ती जशी ऐकली तशी ती होती.

विद्यार्थ्याला मी हे सांगितले तेव्हा तो काही वेळ गप्प बसला. मग त्याने मजकुरातील सर्व छापील विरामचिन्हे एका सूत्राने काढून टाकली आणि दुसरे सूत्र लिहिले: ‘ऐसीजे’ किंवा ‘ऐसियास’ किंवा ‘म्हणोन’ आले की तेथे तोडावे. ‘ऐसियास’चे ‘ऐशास’ असेही रूप येते, ते त्यात घालावयास मी सुचविले. पहिले पत्र अशा रीतीने लावले, तेव्हा जेथे छापील प्रतीत बावीस वाक्ये होती तेथे सात मोठे खंड निघाले, आणि मोठ्याने वाचताना ते सातही एकेका दमात बसतात असे दिसले. दुसऱ्या पत्रात मात्र लेखकाने एकाच अर्थी ‘म्हणोन’ वापरलेले नाही. त्यावर आम्ही येत्या रविवारी बसणार आहोत.